तीन किलो दाब

नीलकंठ रामटेके सकाळी गॅरेजचं शटर अर्धंच उघडायचे. वाकून आत जायचे, कालची राहिलेली गाडी बघून यायचे, मग उरलेलं अर्धं शटर वर जायचं.

पाना कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. जमिनीवर ठेवायचे. समोरच्यानं तो उचलून घ्यायचा.

इंजिन ऐकायचं असलं की चष्मा काढून खिशात ठेवायचे.

गिऱ्हाइकाचं नाव विसरायचे, गाडीचा नंबर कधीच नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर चार पावलं पुढे जाऊन स्वतःशीच म्हणायचे, "हा कोण? हा अठ्ठावीस-एकतीस. क्लचवाला."

'प्रेशर' हा शब्द त्यांना चालत नसे. "प्रेशर माणसाले येते, सकाळी उठल्यावर," असं म्हणायचे. "इंजिनाले दाब असते."

आणि काम संपलं की लाल ठिपका. मुलगी लग्न होऊन गोंदियाला गेली तेव्हा तिची नेलपॉलिशची बाटली घरी राहिली होती, ती त्यांनी गॅरेजात आणून ठेवली. शेवटचा नट कसला की बाटली हलवायची, ब्रश काठाला पुसायचा, आणि नट व त्याखालचा धातू दोन्हींवर मिळून एक ठिपका द्यायचा. नट जरासा जरी फिरला तर ठिपका तुटतो आणि लगेच कळतं. पण त्यांच्या लेखी ठिपक्याचा अर्थ त्याहून मोठा होता. ठिपका दिला म्हणजे काम झालं. त्याआधी गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी 'झालं' हा शब्द तोंडातून निघायचा नाही. 'होऊन राहिलं' एवढंच.

या सवयी क्षमा लांजेवारला एकदम आठवल्या त्या एका मंगळवारी, शटर अर्धंही उघडलेलं नव्हतं तेव्हा. रामटेके रविवारी गेले होते. दोन दिवस तिला काहीच आठवलं नव्हतं. मंगळवारी शाळेत जाताना ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, शटरकडे बघत राहिली, आणि पहिला तास बुडाला.

क्षमा चोवीस वर्षांची. नागपूरला राहून तिनं मराठीत एम.ए. केलं आणि रायपूरला परत आली. इथे मराठी एम.ए.चं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती एका शाळेत हिंदी शिकवायची. घर बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत. घरात माणसं फार आणि जागा कमी. तीन घरं सोडून रामटेकेंचं गॅरेज होतं, तिथे एका मोडीत काढलेल्या गाडीची मागची सीट भिंतीला टेकवून ठेवलेली. ती वाचायला उत्तम जागा होती. पहिल्यांदा ती वडिलांची स्कूटर घेऊन गेली तेव्हा स्कूटर दुरुस्त व्हायला दोन तास लागले, आणि तिची कादंबरी संपली. दुसऱ्या दिवशी ती स्कूटर न घेताच गेली.

"आज काय बिघडलं?" रामटेकेंनी विचारलं.

"काही नाही. बसायला जागा हवी होती."

"हवी होती!" त्यांना हसू आलं. "अव, पायजे होती म्हन. नागपूरले शिकून आली की पुण्याले?"

नागपूरच्या वसतिगृहात तिच्या खोलीतल्या दोन मुली पुण्याकडच्या होत्या. क्षमाचं 'मले-तुले' ऐकून त्या इतक्या हसल्या की पहिल्या वर्षातच तिनं ते सोडलं. 'पायजे'च्या जागी 'हवं' आलं, 'काहून'च्या जागी 'का'. एकच शब्द काही केल्या गेला नाही, तो म्हणजे 'हव'. हव म्हणजे हो. रायपुरात मराठी माणूसही हव म्हणतो आणि छत्तीसगढीही हव म्हणतो, तेव्हा तो जाणार तरी कसा.

रामटेके तिला मास्तरीणबाई म्हणायचे आणि ती त्यांना काका म्हणायची. ती त्यांना इंग्रजी कागद वाचून दाखवायची, पार्टांच्या खोक्यातून निघणारे बारीक अक्षरांचे. त्यांचे वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. मुलालाही तिथेच लागायचं होतं, ते जमलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी कार्ब्युरेटर साफ करण्यात काढली. रायपुरात त्यांची ओळख तीच होती, कार्ब्युरेटरवाले रामटेके. पुढे कार्ब्युरेटरच्या गाड्या कमी होत गेल्या. राज्य नवीन झालं, शहर राजधानीचं झालं, गाड्या चकचकीत आल्या आणि त्या कंपनीच्या काचेच्या वर्कशॉपात जाऊ लागल्या. गल्लीत रामटेके राहिले आणि जुन्या गाड्या राहिल्या.

अशात विनायक आला.

विनायक समता कॉलनीतला, अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या वडिलांनी नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी एस्टीम त्याला देऊन टाकली. त्याला तिच्यात टर्बो बसवायचा होता. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तोही त्यानं कुठल्याशा अपघातातल्या परदेशी गाडीचा मिळवून आणला होता. मोठ्या वर्कशॉपांनी त्याला हात जोडले होते. विनायकला मराठी समजायचं, पण बोलायचा तो हिंदीच.

"अंकल, हो जाएगा?"

रामटेकेंनी टर्बो हातात घेतला, पंखा बोटानं फिरवला, चष्मा काढला आणि कानाशी धरला.

"होऊ शकते," ते म्हणाले. "पण वेळ लागन."

क्षमानं त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. पुढचे चार महिने ती कादंबऱ्या सोडून पंपांचे आणि रेग्युलेटरचे कागद वाचत होती. एका वहीत तिनं सगळं मराठीत उतरवलं.

त्यातलं सगळ्यात नाजूक काम पेट्रोलचा दाब बसवण्याचं. टाकीतला पंप पेट्रोल पाठवतो. ते किती जोरानं इंजिनात जाईल हे रेग्युलेटर नावाची लिंबाएवढी डबी ठरवते. डबीच्या वर एक स्क्रू असतो. आवळला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. आणि डोक्याला एक बारीक रबरी नळी. टर्बोनं हवा कोंबली की ती खबर या नळीतून डबीला मिळते, आणि डबी तेवढ्याच जोरानं पेट्रोल पुढे ढकलते. हवा वाढली आणि पेट्रोल वाढलं नाही, तर आत नको तितकी आग होते आणि पिस्टन वितळतो. म्हणून दाब बसवताना ही नळी काढायची, तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसायचा, दाबाच्या मीटरचा काटा तीन किलोवर आणायचा, स्क्रू हलू नये म्हणून त्यावरचा नट कसायचा, आणि नळी परत लावायची. गॅरेजात तिचं नाव हवेची नळी. घाईत नुसतं 'हवा'.

डिसेंबरातल्या एका दुपारी हे काम झालं. इंजिन चालू होतं, पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमत होता. रामटेकेंनी नळी काढली, बोल्ट लावला, स्क्रू फिरवून काटा तीनवर आणला, नट कसला. तेवढ्यात खालून तेलाचा एक थेंब पडताना दिसला म्हणून ते गाडीखाली गेले. नळी क्षमाच्या हाताशी लोंबत होती. त्याच वेळी चहावाला हरिदास किटली घेऊन दारात आला आणि तिच्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या.

गाडीखालून रामटेके ओरडले, "हवा?"

क्षमाच्या कानांनी ते जसं ऐकलं, त्यात काहीच वावगं नव्हतं. चहा हवा?

"हव!" ती ओरडली.

रामटेके वर आले, हात पुसले, बॉनेट पाडलं. हरिदासनं तीन कप भरले. रामटेके आयुष्यात कधी 'चहा हवा?' म्हणाले नव्हते, ते 'च्या पायजे?' म्हणायचे, हे तिच्या लक्षात आलं ते चार तासांनी.

शहराबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीत तेव्हा माणसांच्या आधी रस्ते येऊन पोचले होते. सहा पदरी, सरळ, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब आणि मधेच एखादी म्हैस. त्याच संध्याकाळी तिघं तिथे गेले आणि विनायकनं गाडी दाबली. टर्बोनं शीळ घातली, पाठी सीटला चिकटल्या, विनायक "अरे बाप रे" म्हणून हसला, आणि हसता हसताच इंजिनातून खिळे खुळखुळावे तसा आवाज आला. मग निळा धूर. मग काहीच नाही.

रामटेकेंनी बॉनेट उघडलं. नळी लोंबत होती, तोंडात बोल्ट.

त्यांनी क्षमाकडे पाहिलं. तिनं नळीकडे पाहिलं, आणि 'हवा' आणि 'हव' हे दोन्ही शब्द तिच्या डोक्यात एकदम जागेवर बसले. तिनं तोंड उघडलं.

"माही चूक झाली," रामटेके विनायकला म्हणाले. "नळी लावाची राहिली माह्याकडून."

"काका..."

"तू गप बस व."

गाडी दोरानं बांधून गावात आणली. इंजिन उघडलं तर तिसरा पिस्टन मेणासारखा ढासळलेला. गोष्ट दोन दिवसांत सगळ्या गॅरेजवाल्यांत पसरली. कार्ब्युरेटरवाल्यानं टर्बोला हात घातला आणि इंजिन जाळलं. विनायकची आई समता कॉलनीतून खास येऊन ते गल्लीत उभी राहून बोलून गेली. रामटेके मान खाली घालून ऐकत होते. क्षमा सीटवर बसून होती, पुस्तक उलटं धरून.

ती गेल्यावर क्षमा म्हणाली, "मी सांगते त्यांना. चूक माझी होती."

"काय सांगशीन? मी हवा विचारली अन् तू चहा समजली? हसतीन लोकं."

"हसू देत."

"पोरी, बोर्ड कोनाच्या नावाचा हाये? तुया नावाचा हाये का?" त्यांनी पाना जमिनीवर ठेवला. "मंग झालं तर. माह्या गॅरेजात माह्या कानानं चूक केली. तोंडाचं ऐकलं. तोंडाचं ऐकाचंच नाही. बोट लावाचं."

त्या दिवसापासून ते नळीला बोट लावल्याशिवाय बॉनेट पाडत नसत. आणि विनायकला त्यांनी शब्द दिला. गॅरेजच्या मागे त्यांचं स्वतःचं एक एस्टीमचं इंजिन पडलं होतं, धड होतं. ते त्याच्या गाडीत घालणार. हेही गेलं तर बोर्ड उतरवणार.

"मंग मी पंक्चर काढीन," ते म्हणाले. "त्याले बोर्ड लागत नाही."

ते हसत म्हणाले, पण त्यांची बायको माया हे ऐकत होती. ती क्षमाला बाजूला घेऊन म्हणाली, "हा माणूस झोपून नाही राहिला व. छताकडे पाहते अन् आकडे बोलते."

दुसरं इंजिन बसवायला अडीच महिने लागले. यावेळी दाबाचा काटा त्यांनी इंजिनाजवळ ठेवला नाही. वेगळी लांब नळी जोडून तो काचेच्या बाहेर, वायपरखाली, काळ्या टेपनं चिकटवला, म्हणजे चालत्या गाडीत तो आतून दिसेल. "पेट्रोलची नळी गाडीच्या आत नाही आनाची. काच मधात पायजे," ते म्हणाले. काटा वाचायचं काम क्षमाकडे आलं. मोठ्यानं वाचायचा, न थांबता.

"अन् दुसरं काही बोलाचं नाही," ते म्हणाले. "नुसता आकडा. तुया शब्दाईनं माहं एक इंजिन खाल्लं."

हे त्यांनी पहिल्यांदाच गमतीत म्हटलं होतं. तिला बरं वाटलं.

शनिवारी दाब बसवला. नळी काढली, बोल्ट लावला, तीन किलो, नट, बोल्ट काढला, नळी लावली. नळीला बोट लावलं. मग क्षमाला म्हणाले, "तूही लाव." तिनं लावलं. नळी कोमट होती.

ठिपका दिला नाही. थंड इंजिनावर बसवलेला दाब गरम झाल्यावर जागेवर राहतो का, ते पाहायचं होतं. म्हणजे गाडी पळवून आणायची, गरम इंजिनावर नळी पुन्हा काढायची, आणि काटा तीनवरच आहे ना ते बघायचं. गरम रीडिंग. ते घेतलं, नळीला बोट लावलं, की ठिपका.

रविवारी सकाळी तिघं नव्या राजधानीच्या रस्त्यावर गेले. विनायक चालवत होता, रामटेके त्याच्या शेजारी, क्षमा मागे, दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून.

"अडीच," ती वाचत होती. "अडीच. पावणेतीन. तीन."

टर्बोची शीळ आली. हवा वाढली तसा काटा तीनच्या वर चढू लागला, चढायला हवा तसाच.

"सव्वातीन. साडेतीन. साडेतीन. साडेतीन."

रामटेकेंनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. ते काट्याकडे बघतच नव्हते. तीनदा गाडी त्या रस्त्यानं गेली आणि तीनदा परत आली. तिसऱ्या वेळी विनायक म्हणाला, "अंकल, मान गए," आणि रामटेके म्हणाले, "पुढे म्हैस पाह्य."

साडेदहाला ते गॅरेजात परतले. रामटेकेंनी बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा फिरत होता.

"हा बंद होऊ द्या," ते म्हणाले. "मंग घेतो रीडिंग. पाच मिनिट बसतो."

ते भिंतीजवळच्या सीटवर जाऊन बसले, क्षमाच्या जागेवर. असे ते कधी बसत नसत. क्षमा हरिदासला चहा सांगायला कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा विनायक त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला होता आणि "अंकल, अंकल" म्हणत होता. त्यांचा चेहरा ओला होता. उजवा हात डाव्या खांद्यावर. त्यांनी क्षमाला काहीतरी सांगितलं, पण पंख्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. ती जवळ वाकेपर्यंत ते बोलायचे थांबले होते.

गल्लीत दुसरी गाडी नव्हती. विनायकनं बॉनेट आपटून पाडलं. दोघांनी मिळून त्यांना मागे घातलं, क्षमानं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती पांढरी एस्टीम बूढ़ापाऱ्यातून निघाली. रविवार असल्यानं रस्ता मोकळा होता. चौकातून बाहेर पडल्यावर विनायकनं पाय दाबला. शीळ आली. क्षमाला काचेपलीकडे, वायपरखाली काटा दिसत होता.

"साडेतीन," ती म्हणाली.

"क्या?"

"साडेतीन," ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली.

रुग्णालयापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. अकरा मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

पुढच्या गोष्टी रीतीप्रमाणे झाल्या. गोंदियाहून मुलगी आली. वस्तीतली माणसं आली, रेल्वेतले वडिलांच्या ओळखीचे आले, गॅरेजवाले झाडून सगळे आले. त्यांच्यापैकी एकानं क्षमासमोरच दुसऱ्याला विचारलं, "वो टर्बोवाली का क्या हुआ?" दुसऱ्यानं खांदे उडवले.

विनायकनं गाडी त्याच संध्याकाळी गॅरेजात आणून लावली होती. ती तिथेच होती.

दहाव्या दिवशी तो आला. माया किल्ली घेऊन आली आणि तिनं शटर उघडलं. अर्धंच उघडलं, हात थांबला, मग सगळं वर ढकललं. क्षमा तिच्या मागोमाग आत गेली.

विनायकनं बॉनेट उघडलं. "आंटी, मेरे को जल्दी नहीं है," तो मायाला म्हणाला. मग क्षमाकडे वळून हळू आवाजात, "काम तो हो गया था ना? ले जाऊँ?"

तोंडात 'हव' आलं होतं. काटा तीनदा साडेतीनला गेला होता, चौथ्यांदाही गेला होता. नेली असती गाडी तरी काही बिघडलं नसतं. तिनं वाकून नळीला बोट लावलं. नळी लागलेली होती. नट बोटांनी फिरवून पाहिला, हलला नाही. नट आणि डबीचा धातू दोन्ही कोरे होते.

"नाही," ती म्हणाली. "झालं नाही. गरम रीडिंग राहिलंय."

"वो क्या होता है?"

तिनं सांगितलं. इंजिन गरम, नळी काढायची, बोल्ट, काटा. तो ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ते पहिलं इंजिन माझ्यामुळे गेलं. नळी माझ्या हाताशी होती. त्यांनी विचारलं आणि मी हव म्हटलं. मला वाटलं चहाचं विचारतायत."



"अंकल ने तो बोला था, उनकी गलती है।"

"बोलले होते."

"माँ यहाँ आके इतना सुना के गई उनको।"

"मी इथंच बसले होते."

माया सीटवर बसली होती. तिनं पदरानं सीटचा कोपरा पुसला, जिथे क्षमा पुस्तक ठेवायची तिथे.

विनायकनं गाडीची किल्ली खिशातून काढली होती. ती त्यानं बॉनेटच्या काठावर ठेवली. "माँ को मैं बताऊँगा," तो म्हणाला. "पर ये रीडिंग कौन लेगा?"

क्षमाजवळ वही होती. तिच्या अक्षरात, मराठीत, पायरी पायरीनं सगळं लिहिलेलं होतं. बोल्ट कुठे आहे ते तिला माहीत होतं. तिनं फळीकडे पाहिलं. बाटली जागेवर होती, झाकण घट्ट. दहा दिवस न हलवल्यानं लाल रंग खाली बसला होता आणि वर पाण्यासारखा थर आला होता.

"कळवते," ती म्हणाली.

विनायक पायीच गेला. दोघींनी मिळून शटर ओढलं. आत पांढरी एस्टीम उभी होती, वायपरखाली काटा शून्यावर, आणि रेग्युलेटरच्या नटावर ठिपका द्यायचा राहिलेला.